मदत हवी आहे: कर्जतजवळ एका दिवसाचा सोपा ट्रेक

मंडळी, गणपती झाले की आई (वय 62, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी) आणि 9 वर्षांची भाची यांना घेऊन कर्जतला जायचंय. ठाण्याहून लोकलने जाऊन संध्याकाळी परत.

मनात कोंढाणे लेणी आहेत. राजमाचीच्या पायथ्याशी, चढ बेताचा, शिवाय उल्हास नदीचा परिसर. पण पाऊस झाला की वाटेतले ओढे किती भरतात? शेवाळलेल्या दगडांवरून आईचा हात धरून जाता येईल का? आंबिवली गावाहून (कर्जतजवळचं, रेल्वे स्टेशनचं नव्हे) कोथळीगड एकाने सुचवला, पण पेठ गावापर्यंतच आमची दमछाक होईल. सोंडाई किल्ल्याला शिड्या, म्हणून बाद.

कर्जत स्टेशनवरून लेण्यांच्या पायथ्याच्या कोंदिवडे गावाला रिक्षा मिळते ना? परतीची आधीच सांगून ठेवावी लागते का? नदीत उतरणार नाही, तेव्हा त्यावरून ओरडू नका!