मदत हवी आहे: आईला घेऊन भोपाळचं संग्रहालय एका दिवसात होईल का?

रामबागवाली: ते खेड्यातली घरं मांडलेलं संग्रहालय आईला दाखवायचंय. इंदूरहून सकाळी निघून रात्री परत. तिकिटाचं वगैरे मी बघून घेईन, चालावं किती लागतं तेवढंच सांगा. जरा लवकर.

पोहेजिलेबी: कुठलं? श्यामला हिल्सवर दोन आहेत. जनजातीय संग्रहालय छपराखालचं, 2013 सालचं. मानव संग्रहालय उघड्यावर, सुमारे 200 एकर. आणि आईंचं वय?

रामबागवाली: उघड्यावरचं. 74. गुडघे.

निमाडी: मग नादच सोडा. सगळा चढउतार. आमच्या मामींनी तिथे मांडलेल्या हिमालयातल्या गावापाशी बसकण मारली, ती उठेचनात. त्यापेक्षा कोल्हापूरजवळ कणेरी मठ करा. बारा बलुतेदारांचे पुतळे अगदी जिवंत वाटतात.

पोहेजिलेबी: सकाळी इंदूर, रात्री परत, मध्ये कोल्हापूर! धन्य आहात भिया.

खडूस: पुतळ्यांचं कसलं आलंय गाव? मानव संग्रहालयातली घरं त्या त्या समाजाच्या लोकांनी येऊन स्वतः बांधलीत, सामानसुद्धा तिकडून आणून. नागा लोकांचं मोरुंग बघा, तरण्या पोरांचं निजायचं घर.

निमाडी: बांधलीत हो, पण राहतंय कोण? चुली गारच ना?

रामबागवाली: भांडू नका. आईचं माहेर जव्हारचं, तिला फक्त वारली घर बघायचंय. लहानपणी शेजारी तसंच होतं, कारवीचा कूड न‌् वर शेणमातीचा हात. भिंतीवर बोटांचे फराटे दिसायचे म्हणते.

खडूस: हे आधी नाही का सांगायचं? जनजातीय आवास विभागात आहे वारली घर. थेट तिकडेच जा, बाकीचं सोडा. आम्हाला गाडी आत नेता आली होती, पैसे वेगळे पडले. गेटवर विचारा. पण पार उंबऱ्याशी नाही जात, थोडं चालणं आहेच. आईंना काठी असू द्या.

सांवेररोड: येताना सिहोरचा शरबती गहू आणा. सध्या काय भाव चाललाय, कुणाला कल्पना?

पोहेजिलेबी: ताई, जाताय कोणत्या वारी?

रामबागवाली: सोमवारी. मला तेव्हाच सुटी असते.

पोहेजिलेबी: सोमवारी बंद. दोन्ही.

रामबागवाली: अरे देवा! गाडी सांगून ठेवलीये. आता मंगळवारची रजा टाकते, साहेब काय बोलायचं ते बोलोत.

सांवेररोड: गव्हाचं राहिलंच की.