ऊर्जा निर्माणच होत नाही, मग पहिली ऊर्जा आली कुठून?

रावेरकर:
राम राम मंडळी. पोरीचं विज्ञानाचं पुस्तक चाळताना ऊर्जा अक्षय्यतेचा नियम वाचला अन् तेव्हापासून डोक्यात एकच चालू आहे. दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो तेव्हा आपल्याकडे मोटारी चालतात, कोळसा म्हणजे करोडो वर्षांपूर्वीची झाडं, झाडांना दिलं सूर्याने, सूर्य चालतो हायड्रोजनवर, पण हायड्रोजनला कोणी दिलं? असं मागे मागे गेलं तर कुठेतरी नियम मोडलाच असेल ना?

तापीकाठ:
भाऊ, हायड्रोजनपर्यंत बरोबर आलात. सूर्यात चार हायड्रोजनचा एक हेलियम होतो तेव्हा साधारण ०.७ टक्के वस्तुमान कमी भरतं, तीच ऊर्जा, सेकंदाला ४० लाख टनांच्या वर. पण मुळात हायड्रोजन उरला कसा हे बघा. महास्फोटानंतर पहिल्या काही मिनिटांत विश्व सूर्याच्या गाभ्याहून जास्त तापलेलं होतं, तरी ते इतक्या झपाट्याने पसरून गार झालं की जवळपास तीन चतुर्थांश माल हायड्रोजनच राहिला. तेव्हाच सगळ्याचं लोखंड झालं असतं, ज्याचे अणू जोडून आणखी ऊर्जा मिळत नाही, तर सूर्य पेटलाच नसता.

साक्रीवाला:
हे झालं इंधनाचं, नियमाचं राहिलं. एमी नोएथर या जर्मन गणितज्ञ बाईंनी १९१८ मध्ये दाखवून दिलं की निसर्गाचे नियम आज-उद्या तेच राहत असतील तर आणि तरच ऊर्जा अक्षय्य राहणार. म्हणजे नियमाला अट आहे! पसरणाऱ्या विश्वात अवकाशच बदलतंय, तिथे ही अट टिकत नाही. महास्फोटानंतर ३,८०,००० वर्षांनी सुटलेला प्रकाश तेव्हा ३००० केल्विनचा होता, आज २.७ चा आहे, वाटेत त्याची तरंगलांबी ११०० पट ताणली गेली आणि प्रत्येक फोटॉनची (प्रकाशाच्या कणाची) ऊर्जा तेवढ्याच पटीने घटली.

रावेरकर:
मग ती गेली कुठे भो? आणि बिनइंधनाच्या जनरेटरचे व्हिडिओ फिरतात ते पण खरे मानायचे का?

साक्रीवाला:
कुठे गेली असं विचारायला अख्ख्या विश्वाची एकूण बेरीज लागते, आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत तशी बेरीज मांडायची सर्वांना मान्य अशी रीतच नाही. जनरेटरचं मात्र बिलकुल नाही, त्यात पैसे घालू नका. आपल्या वावरात काय नि सूर्यमालेत काय, नियम पक्का आहे. एकदा शंका आली होती, बीटा क्षयात, म्हणजे अणूच्या केंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा, ऊर्जा कमी भरायची, नील्स बोरसारखा मोठा भौतिकशास्त्रज्ञ म्हणाला नियमच सोडून देऊ. पाउली या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने १९३० मध्ये उलट सुचवलं की न दिसणारा कण ती घेऊन जात असेल, आणि १९५६ मध्ये तो न्यूट्रिनो खरंच सापडला.

चोपडेकर ताई:
एक भर घालते. गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा ऋण धरतात, म्हणून काही शास्त्रज्ञांना वाटतं की पदार्थाची धन आणि ही ऋण मिळून विश्वाची बेरीज शून्यच असेल, मग पहिली ऊर्जा कुठून हा प्रश्नच उरत नाही. कल्पना मला फार आवडते, पण वर साक्रीवाले दादा म्हणाले तीच अडचण इथेही आडवी येते, म्हणून पोरीला शिकवताना हे सिद्ध झालंय असं सांगू नका, गृहीतक म्हणूनच सांगा.