डिसेंबरातला पूर आणि आपलं सोलापूर

'पावसाळा संपल्यावर चेन्नईत पूर कसा?' असं बरेच जण विचारतात. अहो, तिकडचा मुख्य पावसाळाच ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. २०२३ चं 'मिचाँग' चक्रीवादळ ५ डिसेंबरला आंध्रात बापटलाजवळ धडकलं खरं, पण त्याआधी चेन्नईसमोर समुद्रात रेंगाळलं आणि शहर पाण्यात गेलं. वाऱ्यानं समुद्र फुगला की अड्यार, कूवम या चेन्नईतल्या नद्यांचं पाणी मुखाशीच तुंबतं.

आणि हे आपल्यापासून लांबचं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आंध्रात काकीनाडाजवळ किनारा ओलांडलेली अशीच कमी दाबाची प्रणाली आपल्या जिल्ह्यापर्यंत आली, भीमेला पूर आला. आमच्या तुरीत चार दिवस गुडघाभर पाणी होतं. झाड उपटलं तर मुळं काळी, हाताला कुजका वास. अजून आठवतो तो. म्हणून बंगालच्या उपसागरात काही शिजायला लागलं की मी हवामान खात्याचं बुलेटिन रोज बघतो. तुम्हीही बघा.