मदत हवी आहे: विसर्जनाच्या घाटावरच्या स्वयंसेवकांना दोन तासांत काय शिकवावं?

डिचोलीकर
चवथीला दीड आणि पाच दिवसांच्या विसर्जनाला आमच्या वाड्यावरच्या घाटावर 20 जण उभे असतात. निम्म्यांना पोहता येत नाही. एक परिचारिका शिकवायला तयार आहेत, पण वेळ दोनच तास. नुसता सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) पुरेल का? सामान काय आणू?

काठावरचा
पुरणार नाही, आणि सुरुवातही तिथून नको. पहिला अर्धा तास घाटावरच घ्या. बुडणारा हाताला लागेल ते घट्ट आवळतो, म्हणून वाचवायला उडी मारणाराही त्याच्याबरोबर खाली जातो. पाण्यात उतरायचं नाही, हे आधी डोक्यात बसू दे. माणूस जवळ असेल तर पोटावर आडवं पडून बांबू पुढे करायचा. उभ्याने केलात तर शेवाळलेल्या चिऱ्यांवरून तुम्हीच आत. लांब असेल तर दोर: पॉलिप्रॉपिलीनचा, 20 मीटर. तो तरंगतो, नायलॉनचा बुडतो. टोकाला 5 लिटरचा कॅन, आत पेलाभर पाणी, बूच घट्ट. अगदी रिकामा कॅन वाऱ्यावर भरकटतो. माणसाच्या पलीकडे टाकून त्याच्याकडे ओढत आणायचा. दोर स्वतःच्या मनगटाला गुंडाळू नका.

सिस्टर फोंडा
बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं टांगणं बंद. छातीतलं पाणी त्याने निघत नाही. पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं, आणि वेळ जातो तो वेगळाच. हाक मारा, श्वास पाहा, 10 सेकंदांपेक्षा जास्त नाही. मधूनच आचके देणं म्हणजे श्वास नव्हे. इथे हृदय थांबतं ते प्राणवायूअभावी, म्हणून आधी तोंडाने 2 श्वास, मग 30 दाब, पुन्हा 2 श्वास. मोठ्या माणसाला दाब 5 ते 6 सेंमी खोल, मिनिटाला 100 ते 120. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या; नवशिके नेमके इथेच चुकतात. दर 2 मिनिटांनी माणूस बदला. तोंडातला फेस पुसत बसू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुढे चालू.

डिचोलीकर
तोंडाला तोंड लावायला पोरं कचरतात. आणि सराव एकमेकांवर केला तर चालेल?

सिस्टर फोंडा
एकमेकांवर दाब अजिबात नको, बरगड्या मोडतील. सरावाचा पुतळा मागवा, चार-पाच जणांमागे एक, दाब बरोबर तेवढा खोल गेला की टिक् वाजणारा. कचरणाऱ्यांसाठी झडपेचा पॉकेट मास्क, म्हणजे तोंडावर ठेवून त्यातून श्वास द्यायचा मुखवटा, दोराच्याच पिशवीत ठेवा. तोही नसेल तर नुसते दाब द्या. काहीच न करण्यापेक्षा बरं.

काठावरचा
108 लावायचं काम आधीच एकाला नेमून द्या, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने लावला. फोन स्पीकरवर. पत्ता सांगताना घाटाचं आणि जवळच्या देवळाचं नाव, आणि एकजण बॅटरी घेऊन रस्त्यावर.

सिस्टर फोंडा
शुद्धीवर येऊन 'बरा आसां' म्हणाला तरी घरी सोडू नका. ओले कपडे काढा, चादरीत गुंडाळा, इस्पितळात पाठवा. दम लागणं पुढच्या काही तासांत वाढू शकतं.