सॅलरी कॅपला 'वेतनमर्यादा' म्हणावं का?

मिसिसागाकर

इथल्या, म्हणजे कॅनडातल्या, मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आइस हॉकीवर लेख लिहितेय. मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हापासून पहाटे साडेपाचला रिंकवर जाऊन बसते, त्यामुळे खेळ अंगवळणी पडलाय. अडलंय ते शब्दांपाशी.

एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक आइस हॉकी लीग. मी लिहिलं होतं, 'एनएचएलमध्ये २००५ पासून वेतनमर्यादा आहे.' संपादकांनी लगेच विचारलं, "म्हणजे कुणाही खेळाडूला अमक्यापेक्षा जास्त पगार देता येत नाही?" तसं नाही. ही मर्यादा अख्ख्या संघाच्या पगाराची. २००५-०६ मध्ये ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख आहे. एकट्या खेळाडूची मर्यादा वेगळी, या आकड्याच्या २० टक्के. दोन्हींना वेतनमर्यादा म्हटलं तर घोटाळा ठरलेला.

आणि लेखाचा सगळा गाभा तिथेच आहे. ही मोजणी कर कापण्याआधीच्या डॉलरांत होते. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही. आमच्या ऑंटॅरिओत केंद्र आणि प्रांत मिळून वरचा टप्पा ५३ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून खेळाडूच्या हातात तेवढेच पैसे पडावेत यासाठी फ्लोरिडाला करारात कमी आकडा लिहून भागतं, आणि वाचलेल्या जागेत आणखी एक चांगला बचावपटू बसतो. फ्लोरिडा पँथर्सचे फोर्सलिंग आणि एकब्लाड बघा. गुस्ताव फोर्सलिंग वर्षाला ५७.५ लाख, आरन एकब्लाड ६१ लाख, दोघांचे करार आठ-आठ वर्षांचे. एकब्लाडला आधी ७५ लाख मिळत होते. २०२५ मध्ये तो कमी घेऊन राहिला.

तर मला तीन शब्द हवेत: सॅलरी कॅप, कॅप हिट (एका खेळाडूच्या करारापोटी संघाच्या मर्यादेतून दरवर्षी धरली जाणारी रक्कम) आणि डिफेन्सिव्ह पेअरिंग (एकत्र खेळणारे दोन बचावपटू).

शिरस्तेदार

'एकत्रित वेतनमर्यादा' लिहा, शंका उरणार नाही. आणि कृपया आयकर नको, प्राप्तिकर म्हणा. आयकर हिंदीतून आलाय, मराठी वर्तमानपत्रं आजही प्राप्तिकरच छापतात. तसंच पुढे 'रोस्टर' येईल तेव्हा जपून. आमच्या कार्यालयात रोस्टर म्हणजे बिंदुनामावली. तो आरक्षणाचा तक्ता, त्याचा संघाशी संबंध नाही.

गोधडी

रोस्टरला 'पट' म्हणा की. शाळेच्या पटावर मुलं असतात तसे संघाच्या पटावर खेळाडू.

बाकी सॅलरी कॅपला सॅलरी कॅपच राहू द्या. आयपीएलच्या लिलावात 'अमुक संघाकडे किती पर्स शिल्लक' असं आपण सगळे मराठीतच बोलतो. कुणी थैली म्हणत नाही आणि कुणाचं अडतही नाही.

मिसिसागाकर

पट फारच छान! 'पटावर २३, बर्फावर उतरणारे २०.' घेतला.

प्राप्तिकरही बदलते. पण गोधडी, माझे अर्धे वाचक सत्तरीच्या पुढचे आहेत, मुलांकडे राहायला आलेले. नातवासोबत सामना बघतात आणि विचारतात, "एवढा चांगला खेळाडू, मग याला सोडला का?" त्यांना कॅप म्हटलं तर टोपीच आठवेल.

सातबारा

तुमच्या कॅप हिटला आपल्याकडे तयार शब्द आहे: बोजा. जमिनीवर कर्ज काढलं की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो. तसा खेळाडूशी करार केला की संघाच्या खात्यावर बोजा चढतो. मुलाला या खेळाचं वेड असल्यामुळे थोडं वाचलंय त्यावरून सांगतो. मिनेसोटाच्या संघाने २०१२ मध्ये झॅक परीसे आणि रायन सुटर यांच्याशी तेरा-तेरा वर्षांचे, प्रत्येकी ९ कोटी ८० लाखांचे करार केले. २०२१ मध्ये दोघांनाही पैसे देऊन मोकळं केलं. माणसं गेली, बोजा राहिला. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत मिनेसोटाच्या खात्यावर या दोघांपोटी १ कोटी ४७ लाख डॉलर होते, आणि दोघांपैकी एकही मिनेसोटाकडून खेळत नव्हता. याला मर्यादा, भार, हिस्सा काहीही म्हणा, बोजाइतकं नेमकं बसत नाही.

फोर्सलिंगबद्दलही एक. तो २०२१ मध्ये कॅरोलायनाकडून वेव्हर्सवर फ्लोरिडाला मिळाला. वेव्हर्सला 'हक्कसोड' म्हणा. एकाने हक्क सोडला, दुसऱ्याने नाव लावून घेतलं.

मिसिसागाकर

बोजा! दोन दिवस शोधत होते मी हा शब्द.

डॅलसवासी

शब्दांचं चालू द्या, पण लेखात करावर एवढा भर नको. आमच्या टेक्ससमध्येही राज्याचा प्राप्तिकर नाही. शिवाय ८२ पैकी ४१ सामने बाहेर, आणि खेळाडू जिथे खेळतो तिथलं राज्य त्या दिवसांपुरता कर घेतं. कॅलिफोर्नियात गेलात की तिथला कर द्या. फ्लोरिडा पँथर्सला १९९६ नंतर प्लेऑफची एक फेरी जिंकायला २०२२ उजाडलं, तेव्हाही तिथे कर नव्हताच. २०२४ आणि २०२५ चे चषक जिंकायला डोकं लागलं.

मिसिसागाकर

डोकं लागलंच. पण कराने बोजा हलका झाला नसता तर त्या डोक्याला खेळायला जागा किती उरली असती? मी दोन्ही लिहिणार आहे.

धुळपाटी

पेअरिंगसाठी 'जोड' घेऊ नका. आमच्या तालमीत जोड म्हणजे एकमेकांविरुद्ध लढणारे दोघे. 'जोड लावली' म्हणजे कुस्ती ठरली. 'दुक्कल' तर चोरट्यांची. जोडगोळी म्हणजे बंदुकीत एकदम ठासलेल्या दोन गोळ्या, असं आजोबा सांगत. बचावाला गोळी कशाला? कबड्डीत दोघे हात धरून बचाव करतात त्याला साखळी म्हणतात. ती घ्या.

मिसिसागाकर

साखळीत हात धरलेले असतात, इथे तसं नाही. सहा बचावपटूंच्या तीन जोड्या. एका वेळी एकच जोडी बर्फावर, पाऊण मिनिटाच्या आसपास, मग बदल. आणि जोडीतला एक डावा, एक उजवा असलेला बरा. का ते रिंकच्या कडेला बसलं की दिसतं. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, कडेच्या फळीला घासत येतो. उजव्या बाजूच्या खेळाडूची स्टिक उजवीकडे असेल तर तो सरळ पात्याने अडवून त्याच झटक्यात पुढे देतो. डावीकडे असेल तर आधी उलट्या पात्याने थांबवायचा, मग अंग वळवायचं, तोवर समोरचा अंगावर आलेला असतो. उजवे बचावपटू कमी आहेत, म्हणून ते महाग. फोर्सलिंग डावा, एकब्लाड उजवा.

आता यातच चौथी अडचण. डाव्या खेळाडूला मी 'डावखुरा' लिहिलं होतं, ते चूक आहे. माझा मुलगा लिहितो-जेवतो उजव्या हाताने आणि स्टिक धरतो डावीकडे. इथली बरीच मुलं तशीच.

सातबारा

'डाव्या अंगाचा' म्हणा. बैल घेताना पहिला प्रश्न हाच, उजव्या अंगाचा की डाव्या? डावीकडे चालायची सवय असलेला उजवीकडे जुंपला तर जू ओढतो, पाय अडवतो. आमच्या घरी एक बैल गेल्यावर दुसऱ्याला जोडी मिळेना, कारण बाजारात त्या अंगाचा नव्हता. वडील तीन बाजार फिरले होते. तेव्हा पेअरिंगला सरळ 'जोडी'.

शिरस्तेदार

जोडीबद्दल सहमत. पण करारावरून एक सुचलं. कर आणि करार यांचं मूळ एकच असावं. कर म्हणजे हात, हातावर हात मारून ठरवतात तो करार.

लिंबोणी

नाही हो शिरस्तेदार. कर संस्कृत, करार अरबी. मूळ अर्थ ठरणं, स्थिर होणं. बेकरार म्हणजे ज्याच्या जिवाला ठराव नाही तो. कंत्राट या अर्थाचा मक्ता हा शब्दही अरबीच, त्यात 'तोडणे' असा धातू आहे. गझलेचा शेवटचा शेर तोही मक्ता, जिथे गझल तुटते. मराठीत हा मक्ता आणि तो मक्ता शेजारी नांदतात, हे मला फार आवडतं.

शिरस्तेदार

असेल अरबी. पण हातावर हात मारून व्यवहार ठरतात, हे मी बैलबाजारात डोळ्यांनी पाहिलंय. लोकांनी करार शब्द त्याच अर्थाने आपलासा केला असेल तर?

मिसिसागाकर

पाचवा शब्द अडला, विचारून टाकते. सायनिंग बोनस. हॉकीपटू जॉन टवारेस २०१८ मध्ये टोरंटोच्या संघात आला. पहिल्या वर्षाचे १ कोटी ५९ लाख, त्यात पगार फक्त साडेसहा लाख आणि उरलेले १ कोटी ५२.५ लाख बोनस. तो अमेरिकेत राहत असताना सही झाली, तेव्हा दोन देशांतल्या करारानुसार या रकमेवर १५ टक्केच कर, असं त्याचं म्हणणं. कॅनडाच्या महसूल खात्याने ते मानलं नाही आणि प्रकरण करन्यायालयात गेलं. या रकमेला 'उचल' म्हणू का?

लिंबोणी

विसार म्हणा. सौदा पक्का झाल्याची रक्कम, आणि ती एकूण किमतीतच धरतात.

सातबारा

विसार एकदाच देतात. हे बोनस तर दरवर्षी असतात ना?

केजकर

इतका वेळ नुसता वाचत होतो. उचल म्हणू नका, विनंती आहे.

माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे. दोघांचा मिळून एक कोयता धरतात. बाप तोडायचा, आई मागून वाढ्याने मोळी बांधून डोक्यावर गाडीपर्यंत न्यायची. मुकादमाच्या वहीत नाव बापाचं आणि उचल एका कोयत्याची. ती हंगामभर तोडून फेडायची. पाऊस झाला, आई आजारी पडली, दिवस बुडाले की बाकी पुढच्या सालावर. त्या खेळाडूचा बोनस त्याच्या मालकीचा. संघाने उद्या त्याला मोकळं केलं तरी तो त्याला मिळतोच. उचल कधीच आमच्या मालकीची नव्हती. दोन्हीला एक शब्द लावू नका.

गोधडी

केजकर, कळतंय. पण शब्द एका धंद्यापुरता बांधून ठेवता येत नाही. बांधकामावरचे, हॉटेलातले, कार्यालयातलेही उचल घेतात.

केजकर

घेतात. आणि तेही फेडतातच. शब्दात फेडणं आहे, एवढंच म्हणणं.

मिसिसागाकर

उचल काढली. 'सहीची रक्कम' लिहिते, रुक्ष वाटली तरी चालेल. बोजा आणि पट ठेवलेत. सॅलरी कॅप अजून तशीच लटकली आहे, अंक गुरुवारी छपाईला जातोय.

केजकर, एक विचारू? इथे जोडी एकत्र खेळते, पण करार प्रत्येकाचा वेगळा. एकाचा संपला की जोडी फुटते. तुमच्याकडे कोयता दोघांचा. मग कुणी एकटं आलं तर?

केजकर

अर्धा कोयता म्हणतात. आई गेल्यावर दोन हंगाम बाप अर्धा कोयता म्हणून गेला.

शिरस्तेदार

केजकरांच्या 'कोयता धरतात'वरून आठवलं, 'साल धरणे' हा प्रयोग मला तपासायचा आहे. सालगडी पाडव्याला साल धरतो. तिथे धरणारा कोण, गडी की मालक? आमच्या सांगलीकडे मालक गड्याला सालाने ठेवतो म्हणतात. मराठवाड्यात काय म्हणतात?