सेनेसिओ: धोका वाळलेल्या चाऱ्यात अधिक

सेनेसिओ या कुरणात उगवणाऱ्या, पिवळ्या फुलांच्या विषारी तणाची झाडे कडू असल्यामुळे जनावरे ती आपोआप टाळतात, म्हणून फारशी काळजी नको, या मताला मला एक महत्त्वाची पुस्ती जोडावीशी वाटते. हिरव्या कुरणात, इतर गवत मुबलक असताना, ते बहुतांशी खरे आहे. परंतु हीच झाडे कापणीत सापडून वाळली की त्यांचा कडूपणा कमी होतो आणि पायरोलिझिडिन अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारी रसायने) गटातील विष मात्र तसेच राहते, त्यामुळे जनावर ती गवताबरोबर निमूटपणे खाते. ही अल्कलॉइडे मुळात तितकी घातक नसतात; यकृत त्यांचे रूपांतर करताना पायरोल नावाची जी घातक रसायने तयार होतात, ती पेशींतील डीएनएला चिकटतात आणि पेशींचे विभाजन थांबते. हानी हळूहळू साचत जाते. लक्षणे दिसेपर्यंत अनेक आठवडे, कधी महिनेही उलटलेले असतात आणि तेव्हा उपचारांचा फारसा उपयोग होत नाही, हे मला सर्वांत वेदनादायक वाटते. मेंढ्या-शेळ्यांपेक्षा गाई व घोडे अधिक बळी पडतात. म्हणून ही झाडे कापणीपूर्वीच, हातमोजे घालून, मुळासकट उपटून कुरणाबाहेर न्यावीत. उपटून तिथेच वाळत टाकणे अधिक धोक्याचे आहे.