विषय: रविवारी मार्कन की उर्क?

नमस्कार मंडळी,

सासूबाई सांगलीहून इकडे नेदरलँड्सला आल्यात. ट्यूलिप झाले, पवनचक्क्या झाल्या, आता रविवारी मार्कन किंवा उर्क, यांपैकी एक गाव करावं म्हणतेय. त्यांचे गुडघे दुखतात आणि मासे खात नाहीत. कोणी जाऊन आलंय का?

— ॲम्स्टेलवेनहून

---

ताई,

रविवारी उर्क नको. गाव धार्मिक, रविवारी सगळं चर्चमध्ये आणि दुकानांना टाळी. शिवाय उर्कला जायचं ते मासळीसाठी, तुमच्याकडे तीच वर्ज्य. मार्कनच करा.

गाडी गावात नेता येत नाही, बाहेरच पैसे भरून लावावी लागते. त्यापेक्षा ॲम्स्टरडॅम सेंट्रलहून ३१५ नंबरची बस घ्या. शेवटी ती एका लांब बांधावरून जाते. तो १९५७चा, त्याआधी मार्कन हे बेटच होतं. येताना बोटीने फोलेंडामला उतरा, अर्ध्या तासाचा प्रवास.

लोक बंदरावर फोटो काढतात, चीज चाखतात आणि परततात. तसं करू नका. मागे केर्कबुर्ट या जुन्या वस्तीत शिरा. जुनी घरं माणसांनी माती टाकून उभारलेल्या उंचवट्यांवर आहेत, त्यांना 'वेर्फ' म्हणतात. वस्ती वाढली, वर जागा उरेना, तेव्हा नवी घरं लाकडी खांबांवर बांधली. समुद्र चढला की पाणी घराखालून जाऊ द्यायचं! जानेवारी १९१६च्या पुरात मात्र एकट्या मार्कनमध्ये १६ माणसं गेली. त्यानंतरच झाउदरझे या समुद्राच्या फाट्याला आवर घालायचा कायदा झाला आणि १९३२ साली ३२ किलोमीटरच्या बांधाने त्याचं तोंड बंद केलं. पाणी यायचं थांबलं, तशा लोकांनी खांबांमधल्या जागेला फळ्या ठोकल्या. घरात एक खोली वाढली.

संग्रहालय चुकवू नका. जुनी बिनधुराड्याची घरं आहेत, धूर छपरातून बाहेर जायचा. झोपायची जागा भिंतीतल्या कपाटात. आमची आई बघून म्हणाली होती, "अरे, फडताळात माणसं निजवायचे?"

दीपगृह १८३९चं, पण आत जाता येत नाही आणि चालणं बरंच आहे. गुडघ्यांसाठी सोडून द्या.

— पुर्मरेंडचा काका

---

काका, तुमचं मार्कन छान, पण तिथे गर्दीला तोटा नाही. बेट म्हणजे काय ते बघायचं तर स्खोकलंड. समुद्र ते कुरतडत होता म्हणून राजाच्या हुकमाने १८५९ साली सगळी वस्ती हलवली. १९४२ साली भोवतीचं पाणीच उपसलं. आधी माणसं उठवली, मग ८३ वर्षांनी समुद्र उठवला. आता जुन्या बंदरासमोर गवत आणि शेतं आहेत. नेदरलँड्समधून जागतिक वारशाच्या यादीत पहिलं हेच गेलं, १९९५ साली. माझं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलं, म्हणून मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहते, एवढंच.

सपाट आहे, गुडघ्यांना बरं. पण बसच्या भरवशावर राहू नका, गाडीने जा.

— लेलीस्टाडहून

---

सगळ्यांना धन्यवाद. मार्कन केलं.

वाऱ्यामुळे बोट बंद होती, येतानाही बसच. चीजच्या दुकानात आई पाच मिनिटंही थांबल्या नाहीत. केर्कबुर्टमध्ये एका काळ्या डांबर लावलेल्या घराशी गेल्या आणि वाकल्या. ज्या गुडघ्यांपायी लिफ्ट असलेलं घर शोधलं, तेच गुडघे! फळ्यांच्या फटीतून खाली डोकावत होत्या. २०१९ला सांगलीत त्यांच्या घरात कृष्णा कमरेच्या वर आली होती, गादीपासून कुळथाच्या डब्यापर्यंत सगळं गेलं. "खांब किती उंच असतील गं?" मी म्हटलं, माणसाएवढे असावेत. त्यांनी हात वर करून मापलं. "मग आपल्याकडे एवढ्यावर नाही भागायचं." मग पायऱ्या मोजल्या, दोनदा.

घरातल्या बाई खिडकीत आल्या. मला वाटलं आता रागावणार. आईंनी मराठीत विचारलं, "पाणी कुठवर यायचं?" आणि दाराच्या चौकटीवर हात ठेवला. बाईंना काय कळलं कोण जाणे, त्यांनी तो हात धरून बराच वर नेला.

पुढच्या शनिवारी स्खोकलंड. गाडीत एक जागा आहे. काका, येता का?